व्हिएतनामी सासरची जुनी गुपितं कशी विचारायची (आणि कुठे थांबायचं)

माझं सासर व्हिएतनामी. आम्ही अमेरिकेत सॅन होजेला असतो, मी मूळची साताऱ्याची, लग्नाला अकरा वर्षं झाली. हे लिहायचं कारण म्हणजे इकडच्या दोघी-तिघी मराठी मुली, ज्यांचे नवरे व्हिएतनामी आहेत, सारखं विचारतात की तुला सासरचं एवढं कसं माहिती, आमच्याकडे तर कोणी तोंडच उघडत नाही. आणि त्या नवऱ्यांनाही याचा उपयोग होईल कारण घरात सगळ्यात कमी त्यांनाच माहिती असतं. माझ्या नवऱ्याला चाळिशी आली तरी आजीचं नाव माहीत नव्हतं, खोटं नाही सांगत. मोठ्यांचं नाव घ्यायचं नाही ही तिकडची रीत. आजी म्हणजे बा न्ग्वाय, आईची आई, विषय संपला.

तर पहिली गोष्ट, सरळ विचारू नका. जेवताना "आजी, युद्धात काय झालं होतं?" असं विचारलंत की उत्तर येणार "खा, गार होतंय." मी हे चार वेळा करून बघितलंय.

आधी हे लोक गप्प का आहेत ते समजून घ्या. त्यांच्यात म्हणतात शाऊ चे, तोत ख्वे, म्हणजे वाईट ते झाका, चांगलं ते मिरवा, आपली झाकली मूठ सव्वा लाखाचीच. पण नुसती लाज नाहीये ही. 30 एप्रिल 1975 ला सायगाव, म्हणजे दक्षिण व्हिएतनामची राजधानी, उत्तरेच्या कम्युनिस्टांच्या हाती पडलं, मग दक्षिणेच्या सैन्यात किंवा सरकारात होते त्यांना 'काय ताओ'ला, म्हणजे सुधारणा शिबिरात बोलावलं, अधिकाऱ्यांना सांगितलं महिन्याभराचं खाणं-कपडे घेऊन या, आणि त्यातले कितीतरी जण पाच, दहा, काही तर पंधरा वर्षांनी घरी आले. मागे राहिलेल्या घरातल्या प्रत्येकाची 'ली लिक' असायची, म्हणजे बाप काय करत होता, आजोबा काय करत होता याची नोंद, त्यावर पोरांचं कॉलेज आणि नोकरी ठरायची. मग लोकांनी काय केलं, गणवेशातले फोटो जाळले, कागद जाळले, पोरांना शिकवलं की बाबांबद्दल कोणी विचारलं तर असं असं सांगायचं. नंतर पळायची वेळ आली, 'वूअत बिएन', सीमा ओलांडणं, बहुतेक बोटीने, तेव्हा लहान पोरांना सांगितलं आजीकडे चाललोय, कारण पोर शेजाऱ्यांजवळ बोललं तर सगळे आत. आणि शेवटी मलेशियाच्या किंवा इंडोनेशियाच्या निर्वासितांच्या छावणीत मुलाखत झाली, तिथे नाव, वय, नातं जे लिहिलं गेलं तेच जन्मभराचं खरं झालं. प्रत्येक टप्प्यावर गप्प बसला तोच वाचला, मग तुम्ही आपले फोनचा रेकॉर्डर चालू करून बसलात म्हणून तो माणूस बोलायला लागेल का?

म्हणून प्रश्नाआधी मोजायला शिका. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे.

दक्षिणेकडच्या घरांत भावंडांना आकड्याने हाक मारतात, आणि मोजणी दोनपासून सुरू होते. थोरला किंवा थोरली म्हणजे हाय (दोन), मग बा, तू, नाम, साओ, बाय. शेंडेफळ म्हणजे ऊत. (उत्तरेकडे वेगळं, तिथे थोरल्याला का म्हणतात.) आता माझ्या सासूबाई 'तू', म्हणजे चार. त्यांचा धाकटा भाऊ 'साओ', म्हणजे सहा. मला व्हिएतनामी आकडे नुकतेच पाठ झाले होते, फोच्या, म्हणजे नूडल सूपच्या, दुकानात ऑर्डर देण्यापुरते, आणि एका रविवारी भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं, अरे मग पाच कुठेय? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला पाच नाहीचे, असंच आहे आमच्याकडे. चाळीस वर्षं तो तू-नंतर-साओ ऐकत आला आणि त्याला कधी खटकलं नाही. असंच नसतं. आकडा गहाळ असेल तर बहुतेक वेळा तिथे एक माणूस असतो, लहानपणी गेलेलं मूल, किंवा मागे राहिलेलं, किंवा ज्याचं नाव काढायचं नाही असं कोणीतरी. तेव्हा तुम्ही पण कागदावर मांडून बघा, कोणाला न विचारता.

मग नात्याचे शब्द ऐका. इथे मराठी माणसाला फायदा आहे कारण आपल्याला आत्या-मावशी-मामा-काका वेगळे कळतात, इंग्रजीत वाढलेल्या नवऱ्याला सगळ्याच आंटी. बापाची बहीण 'को', आईची धाकटी बहीण 'यी', आईचा भाऊ 'काउ'. समजा वडिलांच्या बाजूची एक बाई आहे आणि सगळे तिला यी म्हणतात, तर कान टवकारा, कारण वडिलांच्या दुसऱ्या बायकोलाही मुलं यी म्हणतात. साताऱ्यात आमच्या आळीत एका घरात सावत्र आईला मावशीच म्हणायचे, म्हणून मला ते लगेच कळलं. आणि 'मा लॉन', मोठी आई, असा शब्द आला तर पहिली बायको वेगळी होती. दुसरी बायको करणं तिकडे 1959 साली उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या कायद्यांनी बंद केलं, पण कायद्याने घरं थोडीच बदलतात.

उच्चारही ऐका. श्राद्धाला दक्षिणेत 'यो' म्हणतात, उत्तरेत 'झो'. आजी सायगावची म्हणवते पण झो म्हणते? मग ती बहुतेक 1954 ची, जिनिव्हा करारानंतर देशाचे दोन भाग झाले तेव्हा उत्तरेतून खाली आलेल्या लाखो लोकांपैकी, त्यात कॅथलिक खूप. अशा घरात गुपितं दोन थरांची असतात. उत्तरेत राहिलेले भाऊ, कम्युनिस्टांच्या जमीनसुधारणेत जमीनदार म्हणून सगळ्या गावासमोर उभे केलेले आजोबा. 1975 खणून काही निघालं नाही तर 1954 खणा.

श्राद्धावरनं आठवलं. यो चुकवू नका, जा, भाज्या चिरा, बसा. तिकडे यो तिथीने असतो आणि गंमत म्हणजे त्यांचा महिना आपल्यासारखाच अमावस्येच्या हिशोबाने सुरू होतो, पंधरावा दिवस म्हणजे पौर्णिमा, अधिक महिनासुद्धा आहे (आपल्याच वर्षी येईल असं नाही). म्हणून आपल्याला ते पटकन समजतं. आता घरातले सगळे यो वर्षभराच्या कॅलेंडरवर मांडा आणि देव्हाऱ्यातल्या, म्हणजे पूर्वजांच्या चौरंगावरच्या फोटोंशी जुळवा. आमच्याकडे यो एक जास्त निघाला, आणि फोटो पण एक जास्त निघाला, मागच्या रांगेत, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. समुद्रात बेपत्ता झालेल्यांची मृत्यूची तारीख नसते, मग ते ज्या दिवशी घरातून निघाले तोच दिवस धरतात. हे मला माहीत असल्यामुळे मी "कधी वारला" असं विचारलं नाही, "कधी निघाला" असं विचारलं. एका शब्दाचा फरक, पण आजींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

वयाचं एक पटकन सांगते. कागदावरच्या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका, सैन्यभरती टाळायला, शाळेत बसवायला, छावणीत घाईघाईत, कशानेही बदललेली असते. वय विचारायचं नाही, प्राणी विचारायचा. कागदावर 1955, म्हणजे बोकड, आणि आजी म्हणते मी ड्रॅगन, तर खरं साल 1952. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत जन्म असेल तर त्या वर्षी तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, कधी होता ते बघा. (आणि सशाच्या जागी त्यांच्याकडे मांजर आहे, चिनी तक्ता वापरू नका, ओरडा खाल.)

आता प्रत्यक्ष बोलणं. दुभाषा म्हणून सासूबाईंना घेऊ नका, त्या मधलं गाळतात, आणि स्वतःच्या मुलांना तर अजिबात नको, दहा वर्षांच्या पोराने पणजीचं असलं काही भाषांतर करू नये. बाहेरचं पण ओळखीचं कोणीतरी बघा, आमच्या वेळी नवऱ्याची चुलत बहीण होती. आणि आधी आपलं सांगा. मी आजींना माझ्या पणजीचं सांगितलं, ती बालविधवा, केस काढलेली, तिच्याबद्दल आमच्या घरात काय काय बोलायचं नाही असं ठरलेलं होतं ते. आजींनी ऐकलं, पेरू चिरून दिला, काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला बोलावलं.

बोटीबद्दल विचारताना एक पक्कं ठेवा, किती दिवस होता, पाणी किती होतं, किती माणसं होती, इंजिन कोणाचं होतं, एवढंच. बायकांना "तुमच्यावर काय झालं" हे कधीच विचारू नका. थायलंडच्या आखातात समुद्री चाच्यांनी काय केलं ते यूएनएचसीआरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या, कागदांत आहे, वाचायचं तर तिथे वाचा. त्यापेक्षा छावणीबद्दल विचारा, तिथे जीभ सैल होते. पुलाऊ बिडाँगवर 1979 मध्ये चौरस किलोमीटरभराच्या बेटावर 40,000 च्या आसपास माणसं होती. आजी तिथे नूडल विकायच्या हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

आणि सोनं. बोटीचं भाडं सोन्यात द्यायचे, 'कै'मध्ये, एक कै म्हणजे 37.5 ग्रॅम, आपल्या दहाच्या तोळ्याने पावणेचार तोळे, माणशी कितीतरी कै. आता विचार करा, घरात सोनं तिघांपुरतं आणि पोरं पाच. बऱ्याच घरांतलं खरं गुपित इथे आहे. कोण मेला हे फार कोणी लपवत नाही, कोणाला आधी पाठवलं आणि कोणाला मागे ठेवलं ते लपवतात.

कागद शोधायचे तर अमेरिकेत इमिग्रेशन खात्याकडून ए-फाइल, म्हणजे त्या माणसाची खात्याकडची फाइल, मागवता येते, माणूस हयात असेल तर त्याची संमती लागते, गेलेला असेल तर मृत्यूचा पुरावा. सुधारणा शिबिरात तीन वर्षांच्या वर काढलेल्यांना अमेरिकेत आणायची 1989 च्या अमेरिका-व्हिएतनाम करारानंतर जी योजना आली (लोक तिला एच ओ म्हणतात), त्या घरांची बरीच कागदपत्रं टेक्सस टेक विद्यापीठाच्या व्हिएतनाम सेंटरमध्ये आहेत, ऑनलाइन बघता येतात. यूसी अर्वाइन विद्यापीठाकडे इकडच्या व्हिएतनामी लोकांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह आहे, आजीच्याच वयाच्या बाईची एखादी मुलाखत तिच्याबरोबर बसून ऐका, ती मधेच म्हणेल असं नव्हतं, मी सांगते.

पण सावध. कागदावरचं नातं आणि खरं नातं वेगळं निघू शकतं. 1987 च्या कायद्याने अमेरिकन सैनिकांच्या मुलांना, कोन लाय म्हणतात त्यांना, कुटुंबासकट इकडे यायला मिळालं, तेव्हा पैसे देऊन अशा मुलाचं 'कुटुंब' झालेली घरं होती. छावण्यांतही भाचा मुलगा झाला, शेजारीण बहीण झाली. असं काही सापडलं तर फॅमिली ग्रुपवर टाकू नका, झालोवर (त्यांचं व्हॉट्सॅप) नको, कुठेच नको. नागरिकत्व खोट्या माहितीवर मिळालं असं म्हणून ते काढून घ्यायच्या दाव्याला मुदत नाही इकडे. आधी वकील. आणि ख्रिसमसला हौसेने डीएनए किट वाटू नका हो, प्लीज.

तिकडे एक शब्द आहे, 'थोय'. पुरे, राहू दे. तो आला की रेकॉर्डिंग बंद, पुन्हा त्याच प्रश्नावर यायचं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. हे पाळलंत तरच पुढची गोष्ट मिळते.

आजी आता नाहीत. सासूबाईंना विचारूनच लिहितेय, एवढं लिही म्हणाल्या. माझ्याकडे आजींचं एकोणीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, त्यात तो मुलगा आहे, सोनं किती होतं ते आहे, तो मागे आजोळी राहिला आणि दोन वर्षांनी एकटाच निघाला हे आहे. मग चुलत नणंदेने विचारलं, तोच का, आणि आजी म्हणाल्या थोय. मी बंद केलं. फाइलचं नाव 'नाम' ठेवलंय, पाच. नवऱ्याला सगळं माहितीये, फाइल कुठे आहे तेही माहितीये, पण आवाज अजून ऐकला नाही त्याने.