जिन्याच्या पायऱ्यांसाठी हार्डवुड घेताना माप आणि हिशोब कसा करायचा

वखारीत गेलं की पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, फुटाला काय भाव? आणि तिथेच गडबड होते, कारण आपल्याला फूट नाही, पायरी विकत घ्यायचीय. म्हणजे एक तयार पायरी शेवटी कितीला पडली तेच बघायचं, बाकी आकडे नंतर.

आधी पायऱ्या मोजा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत 105 इंच असेल आणि प्रत्येक रायझर, म्हणजे दोन पायऱ्यांमधली उभी फळी, साडेसात इंचाचा धरला तर रायझर 14, पण पायरीच्या फळ्या 13च लागतात, कारण शेवटचं पाऊल वरच्या मजल्यावरच पडतं. वरच्या कडेला नोजिंगची, म्हणजे पुढे आलेल्या कडेची, एक पट्टी मात्र लागते, ती यादीत लिहा, बरेच जण विसरतात आणि मग त्याच रंगाचं लाकूड शोधत फिरतात.

आता एका पायरीचं माप. समजा पाऊल ठेवायची जागा 10 इंच आणि नोजिंग 1 इंच, म्हणजे तयार रुंदी 11. लांबी 36, तयार जाडी 1 इंच. पण लाकूड घेताना हे माप सांगायचं नाही, कच्चं माप सांगायचं. जाडीत 1 इंच हवा तर सव्वा इंची माल घ्या, ज्याला 5/4 म्हणतात, दोन्ही बाजूंनी रंधा मारला की साधारण एक इंचाच्या जरा वरच राहतो. 1 इंची कच्ची फळी घेतली तर रंध्यानंतर पाऊण इंचाच्या आसपास येते आणि पायरीला ती नाजूक पडते. मागून उघडा जिना असेल, म्हणजे रायझरच नाही, तर सरळ 2 इंची घ्या, तिथे फळीला खालून आधार नसतो. पैसे द्यायचे ते कच्च्या जाडीचे, रंधा मारून आलेली फळी घेतली तरी बिल बहुतेक मूळ जाडीवरच होतं, हे आधी विचारून घ्या.

11 इंच रुंदीची एकच फळी मिळाली तरी मी घेणार नाही. रुंद फळी दमटपणा बदलला की वाकते, आणि भावही चढा असतो. 4 इंची तीन पट्ट्या कडा साफ करून सांधल्या की सव्वाअकरा इंचाच्या आसपास मिळतात, मग कापून 11. लांबीतही 2 इंच जादा धरले, तर कच्चं माप झालं 38 × 12 × 1.25 = 570 घन इंच. एका बोर्ड फुटात 144 घन इंच असतात, म्हणजे पायरीला जवळपास 4 बोर्ड फूट. 13 पायऱ्यांना साडेएकावन्न, त्यावर 25 टक्के वाया धरा, साधारण 65. घनफुटात भाव असेल तर 65 ला 12 ने भागा, 5.4 घनफूट.

हे 25 टक्के कमी-जास्त होतं ते लांबीवर, आणि खरा पैसा इथेच वाचतो. 38 इंची तुकडे काढायचेत ना, तर 6 फुटी फळीतून एकच निघतो आणि 34 इंच उरतात, त्यांचं करणार काय? 8 फुटीत दोन, 20 इंच वाया. 7 फुटीतही दोनच, पण वाया फक्त 8. आणि 10 फुटीत तीन, 6 इंच उरतात, त्यात टोकाच्या चिरा आणि करवतीचा भुसा दोन्ही बसतात. म्हणून 8 फुटीचा ढीग स्वस्त दिसला तरी 7 आणि 10 फुटी मागा.

गाठी, साल, चिरा असलेला हलका माल स्वस्त असतो खरा. समजा त्याचा भाव 100 आणि चांगल्याचा 115. हलक्यात 35 टक्के जादा घ्यावं लागलं तर तो पडतो 135 ला, चांगल्यात 10 टक्के लागलं तर तो पडतो 126.5 ला. झालं ना, महाग वाटणारा स्वस्त.

जातीचं म्हणाल तर ओक, मेपल, साग तिन्ही चालतात, मेपल जास्त कठीण, साग त्यामानाने मऊ पण किडीला आणि पाण्याला चांगला टिकतो. पाइनवर चपलांचे ठसे उमटतात, पायरीला टाळा.

आणि ओलावा मोजल्याशिवाय माल उचलू नका. मीटरची पिन फळीच्या मधोमध टोचा, टोकाला नाही, टोक लवकर वाळतं आणि आकडा खोटा येतो. गरम कोरड्या घरात 6 ते 8 टक्के चालतो, दमट हवेत 10 ते 12. 12 टक्क्यांचा रेड ओक घरात 7 वर आला की 11 इंच रुंदीत जवळजवळ 5 मिमीपर्यंत आटू शकतो, म्हणजे फट दिसू शकते. माल घरी आणल्यावर लगेच कापू नका, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल असा रचून ठेवा, मीटरचा आकडा हलायचा थांबला की मगच करवत लावा. आणि एक पायरी जास्तीची होईल एवढं लाकूड त्याच ढिगातून घ्या, नंतर रंग जुळत नाही.