डावा स्पीकर मधूनच गप्प

सांगलीच्या गावभागात पावसाळ्याची ओल कशालाच सोडत नाही. माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा डावा स्पीकर हळू आवाजात गप्प बसायचा. आवाज वाढवला की खडबडून जागा. 'आउटपुट ट्रान्झिस्टर बदला,' मेकॅनिक म्हणाला. मला पटेना. स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्यावर उजवा गप्प झाला, म्हणजे स्पीकर निर्दोष. संशय प्रोटेक्शन रिलेवर, म्हणजे स्पीकरला बिघाडापासून वाचवणाऱ्या आतल्या स्विचवर: त्याच्या एकमेकांना टेकणाऱ्या कॉन्टॅक्टवर काळा थर चढला की बारीक सिग्नल अडतो, मोठा निघून जातो. प्लग काढून वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर २२० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे केले (हे टाळू नका, झटका जबर असतो). आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढली. पॉलिश पेपर नकोच, मुलामा निघतो. आता वाजतोय, तरी २४ व्होल्टचा नवा रिले मागवलाय.