जुनं मिलिंग मशीन रिकंडिशन करायचं की दुसरं घ्यायचं? या चुका टाळा

मुंबई-ठाण्याच्या गाळ्यांमध्ये जुनी एचएमटी किंवा तशाच घडणीची नी-टाइप (टेबल पेलणारा भाग, म्हणजे नी, उभ्या कॉलमवर वर-खाली सरकतो अशी) मिलिंग मशीनं अजून रोज माल काढतात. मग कधीतरी जॉब साइजमध्ये येईनासा होतो, टेबल थरथरतं. एक जण म्हणतो भंगारात द्या, दुसरा म्हणतो पूर्ण खोलून करू. मशीन किती वर्षांचं झालं यावर हा निर्णय घेऊ नका. ते नेमकं कुठे झिजलंय यावर घ्या. आणि खोलायच्या आधी मोजा, कारण खोलल्यावर निम्म्या गोष्टी मोजताच येत नाहीत.

हँडलचा प्ले पाहून मशीन निकालात काढणं

हँडल पाव फेरा रिकामं फिरतं म्हणजे मशीन संपलं असं नाही. हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त दोष असतो. टेबल मध्यावर आणा, टेबलाला डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप) लावा, हँडल पुढे-मागे करून किती मिमी फुकट जातं ते लिहा. दोन्ही टोकांजवळ तेच करा. सगळीकडे सारखं आलं तर डायल टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या तोंडावर लावा. स्क्रूच पुढे-मागे सरकत असेल तर ब्रॅकेटमधलं थ्रस्ट बेअरिंग किंवा चेकनट सैल आहे. सरकत नसेल तर गनमेटलचा नट झिजलाय. मध्ये जास्त आणि टोकांना कमी आलं तर स्क्रू झिजलाय. तिथे नुसता नट बदलून भागत नाही: मध्यावरचा प्ले काढायला नट आवळला की टोकाला अडकतो.

डीआरओ (टेबलाची जागा आकड्यात दाखवणारा डिजिटल डिस्प्ले) बसवला की सगळं सुटेल, हाही गैरसमज आहे. आकडा बरोबर दिसेल, पण डाउन मिलिंगमध्ये (कटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवताना) कटर टेबल ओढून घेतो ते थांबणार नाही, आणि वाकडं चालणारं टेबल सरळ होणार नाही.

स्लाइडची झीज न मोजणं

निर्णय खरा इथे होतो. जिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) मध्यावर बरोबर बसवली आणि टेबल टोकांना जाम झालं, तर डव्हटेल (टेबलाची तिरक्या कडांची स्लाइड) मधोमध खाल्ली गेलीय. आणखी आवळण्यात अर्थ नाही.

स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) डायल लावून खालून टेबल सरकवण्याची चाचणी इथे फसवते. सुई नेहमी सॅडलच्या (टेबल आणि नी यांच्यामधल्या भागाच्या) वरच टेकते, त्यामुळे टेबल कललं तरी ती फारशी हलत नाही. त्याऐवजी टेबलावर ऑइलस्टोन फिरवून चढलेल्या कडा काढा, नी आणि सॅडल लॉक करा, ०.०२ मिमी प्रति मीटरची लेव्हल (बुडबुड्याचं एक घर म्हणजे मीटरला ०.०२ मिमी कल) टेबलाच्या मध्यावर लांबीच्या दिशेने ठेवा. टेबल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. बुडबुडा एक-दोन घरं सरकला तर चालेल. पाच घरं सरकला म्हणजे मीटरला ०.१ मिमी कल: सॅडलच्या स्लाइड टोकांना गोल झाल्यात आणि टेबल त्यावर डोलतंय.

स्क्रॅपिंगची फुलंही (स्लाइड हाताने खरवडताना उमटलेल्या खुणा) नीट बघा. स्लाइडच्या न वापरलेल्या टोकांना फुलं शिल्लक आणि मध्ये आरशासारखं गुळगुळीत, ही प्रामाणिक झीज. पण सगळीकडे ताजी फुलं आणि त्यांच्याखाली लांब ओरखडे दिसले, तर ती विकण्यासाठी काढलेली आहेत. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या मशीनवर गंजाचे तुरळक खड्डे असतील तर घाबरू नका; उलट त्यात तेल टिकतं.

स्पिंडलला साधं बेअरिंग टाकणं

टेपरच्या (स्पिंडलचं निमुळतं तोंड, ज्यात टूल बसतं) आत डायल लावून स्पिंडल हाताने फिरवा. ०.०१ मिमीच्या आत असावं. ३०० मिमीच्या टेस्ट बारच्या टोकाला ०.०२. जास्त आलं तर आधी टेपर पुसून बघा, मग बेअरिंगचा प्रीलोड (ते किती आवळलंय ते). बदलावंच लागलं तर नुसता नंबर घेऊन नागदेवीच्या बाजारात जाऊ नका, अचूकतेचा क्लासही विचारा. त्याच नंबरचं साधं बेअरिंग बसेल, फिरेलही, पण फिनिश मिळणार नाही. पी-५ किंवा त्याहून अचूक घ्या; इथे आकडा लहान तेवढी अचूकता जास्त.

नुसतं ग्राइंडिंग करून मोकळं होणं

टेबलाच्या वरच्या बाजूला कट मारून ते नवं दिसतं, पण खालच्या स्लाइड झिजलेल्याच असतील तर त्या झिजेलाच समांतर पृष्ठभाग तयार होतो. स्लाइड ग्राइंड केल्या तर दुसरी अडचण येते. ०.५ मिमी माल निघाला की टेबल तेवढं खाली बसतं, स्क्रू आणि नटाची सेंटर जुळत नाही, स्क्रू टोकाला जड फिरतो. म्हणून सॅडलला टर्साइट (घसरणारा प्लास्टिकसारखा पट्टा) चिकटवून उंची परत आणतात आणि मग निळा रंग लावून, उंच ठिपके दिसतील तिथे स्क्रॅप करतात. २५ मिमी चौकोनात १०-१२ ठिपके तरी हवेत. ऑइल निपलमध्ये कुणी ग्रीस मारलं असेल तर नळ्या तुंबलेल्याच समजा. त्या काढून केरोसीनने साफ केल्या नाहीत तर नवी स्लाइडही लवकरच कोरडी चालून खाल्ली जाईल. पुढे ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल वापरा.

आमचं मत असं: नट, स्क्रू, जिब, बेअरिंग एवढंच असेल तर दुरुस्ती करा. टेबल-सॅडल गेलंय पण नी आणि कॉलम चांगले आहेत, तर रिकंडिशनिंग परवडतं. कॉलमची स्लाइडही खाल्लेली आणि गिअरबॉक्सचे दात तुटलेले असतील तर दुसरं बघा. कॉलम मोठ्या स्लाइडवे ग्राइंडरवर न्यावा लागतो. वाहतूक आणि बंद राहिलेलं काम धरून हिशेब क्वचितच जुळतो.

दुसरं घेताना रंग बघणं

सेकंडहँड मशीन लाइटवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. वरच्या सगळ्या चाचण्या तिथेच करा, प्रत्येक स्पीड आणि फीड लावून आवाज ऐका. माइल्ड स्टीलच्या ब्लॉकवर शेजारी-शेजारी दोन पास मारा; सांध्यावर नखाला पायरी लागली तर हेडची सेटिंग आणि स्लाइड दोन्ही तपासा. टेपर तुमच्या टूलिंगशी जुळतो का, आर्बर (कटर बसवायचा लांब दांडा), त्याचा सपोर्ट आणि व्हर्टिकल हेड सोबत मिळतंय का, हे बिलावर लिहून घ्या. गाळा वरच्या मजल्यावर असेल तर सौदा करायच्या आधीच मशीनचं वजन, मालाच्या लिफ्टची क्षमता आणि स्लॅबला किती भार चालतो हे विचारा. मध्यम आकाराचं नी-टाइप मशीन दीड-दोन टनांच्या पुढे सहज जातं.