निर्बंध सैल झाल्यावर किती बाहेर पडायचं, हे कसं ठरवावं

कोविडसारखी साथ ओसरू लागली आणि जिल्हा खुला झाला की घरात दोन्ही भावना एकदम येतात: एकदाचे सुटलो, आणि पुन्हा वाढली तर? दोन्ही खऱ्या आहेत, एकीला दाबून निर्णय घेऊ नका. प्रशासन मुख्यतः खाटा पुरतील का आणि लोकांची रोजीरोटी कशी चालेल, हे पाहतं. तुमच्या घरात ऐंशीच्या आजी आहेत किंवा कुणाची केमोथेरपी चालू आहे, हे त्या हिशोबात नसतं. तो घरीच मांडावा लागतो.

आधी आकडे. रोजचा आकडा सोडून द्या. सुट्टीच्या दिवशी चाचण्या कमी होतात आणि मग तुंबलेले अहवाल एकदम येतात. सात दिवसांची बेरीज घ्या, लोकसंख्येने भागा, एक लाखाने गुणा. 8 लाखांच्या जिल्ह्यात आठवड्यात 240 नवे रुग्ण म्हणजे लाखामागे 30. मग बाधितांचं प्रमाण काढा: 2,000 चाचण्यांत 160 बाधित म्हणजे 8 टक्के. मे 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, निर्बंध सैल करण्याआधी हे प्रमाण किमान 14 दिवस 5 टक्क्यांखाली असावं, असा निकष दिला होता. रुग्ण कमी दिसतायत पण प्रमाण चढतंय, तर साथ ओसरली असं समजू नका. बहुधा चाचण्याच आटल्या आहेत. लोक घरीच चाचणी करून मोकळे होत असतील तर हे दोन्ही आकडे लंगडे पडतात. तेव्हा रुग्णालयात नव्याने दाखल होणारे मोजा, पण हा आकडा संसर्गाच्या एक-दोन आठवडे मागे चालतो, हे लक्षात ठेवा.

आता जागा. उघड्यावर भेटणं सगळ्यात आधी सुरू करा, बंद खोलीत एकत्र जेवणं सगळ्यात शेवटी, कारण तिथे मास्क उतरतो आणि गप्पा लांबतात. बंद जागेची हवा कार्बन डायऑक्साइड मीटरने तपासता येते: आपण श्वासातून सोडलेला हा वायू साचला, म्हणजे हवा खेळती नाही. बाहेर साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतं. आत 800 च्या वर गेलं की वायुवीजन अपुरं समजून समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. मीटर तोंडाजवळ किंवा खिडकीतच ठेवला तर आकडा फसवतो. हेपा फिल्टर, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारी जाळी, विषाणू गाळतो, पण हा वायू गाळत नाही. त्यामुळे तो चालू असला तरी मीटरचा आकडा उतरत नाही.

आकडे ठीक, हवा ठीक, तरी पाय उंबऱ्यात अडतो. अशा वेळी भीती नेमकी कशाची, ते कागदावर लिहून काढा. संसर्गाची असेल तर खिडकी, नीट बसणारा एन-95 आणि कमी वेळ, यांनी ती खरोखर कमी होते. माणसांची सवय मोडल्याची असेल तर मास्कने काही होणार नाही. तिथे एकाच कमी गर्दीच्या जागी, त्याच वेळेला, पंधरा मिनिटं जा आणि आठवड्यात तीन-चार वेळा तेच करा. धडधड वाढताच परत फिरलात तर पुढच्या खेपेला ती आणखी लवकर सुरू होते. जरा थांबा, ती उतरू द्या, मग निघा.

घरातले नियम सगळ्यात जास्त धोका असलेल्या माणसाप्रमाणे ठेवा, मात्र त्यालाच विचारून. आजींना नातवंडांना भेटायचंच असेल, तर त्यांच्या वतीने "नको" म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. भेट अंगणात ठेवा, येणाऱ्यांनी त्याच दिवशी अँटिजेन चाचणी करावी आणि ती निगेटिव्ह आली तरी घसा खवखवत असेल तर येऊ नये. संसर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांत ही चाचणी बऱ्याचदा तो पकडत नाही.

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि पुढच्या गोष्टीआधी 14 दिवस जाऊ द्या. माघारीची खूणही आधीच लिहून ठेवा: सलग दोन आठवडे लाखामागचा आकडा वाढला, की शेवटी सुरू केलेली गोष्ट सर्वांत आधी बंद. हे आमंत्रण येण्यापूर्वीच ठरवा. लग्नपत्रिका हातात पडल्यावर घरातलं कुणीच आकडे नीट वाचत नाही.