इमोबिलायझरवर आळ घेण्याआधी: गाडी चालू होत नसेल तर या चुका टाळा

सेल्फ फिरतो, इंजिन क्षणभर पकडतं आणि बंद पडतं. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत असतं. लगेच निदान होतं, 'इमोबिलायझर गेला', म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा बिघडली. पुढे गाडी टो होते, ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बदलायचा सल्ला मिळतो आणि बिल हजारोंच्या घरात जातं. माझं मत ठाम आहे: खुद्द इमोबिलायझर क्वचित जातो. दोष बहुतेक वेळा त्याला मिळणाऱ्या सप्लायमध्ये, अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हशी इंजिन-बॉडीच्या जोडणीत), नाहीतर मागाहून कुणीतरी कापून जोडलेल्या वायरीत असतो.

यंत्रणा समजली की निम्म्या चुका टळतात. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. इग्निशन लॉकभोवती तारेची रिंग असते. स्विच ऑन केला की रिंगमध्ये साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, चिप त्यावरच जागी होते आणि आपली ओळख पटवते. ओळख पटली तरच ईसीएम इंजिन चालू राहू देतो. म्हणजे या चिपला सेल लागतच नाही. रिमोटमधला सेल (बहुधा सीआर २०३२) दरवाजे उघडण्यासाठी असतो. चावी फिरवून चालू होणाऱ्या गाडीत तो बदलून इंजिन चालू होणार नाही. पुश बटणाच्या गाडीत मात्र सेल संपला की गाडीला चावी सापडत नाही. तेव्हा मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, बहुधा बटणालाच, चावी टेकवून बटण दाबायचं.

दुसरी चावी घरात असताना ती लावून न पाहणं ही तर अगदी सहज टाळता येणारी चूक. ती लावून गाडी चालू झाली, तर दोष पहिल्या चावीत आहे. एकाच रिंगमध्ये चिपवाल्या दोन चाव्या अडकवू नका, एकीमुळे दुसरी कधी कधी वाचली जात नाही. रस्त्यावर कापून घेतलेली बिनचिपची डुप्लिकेट चावी लॉक फिरवते, पण इंजिन चालू ठेवू शकत नाही. दुसरी चावी जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या क्लेमसाठी सहसा दोन्ही चाव्या मागतात.

'हॉर्न जोरात वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली' हा समज सर्वांत जास्त फसवतो. हॉर्नला काही अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि तिच्या केबल तपासा. व्होल्टेज असं कोसळलं की ईसीएम मध्येच रीसेट होऊ शकतो, आणि दोष उगाच चोरीविरोधी यंत्रणेवर जातो.

अर्थिंग मल्टिमीटरच्या ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या सेटिंगवर, तपासणं हीसुद्धा चूकच. केबलच्या बहुतेक तारा तुटून एकच उरली असली, तरी मीटर 'ओके' दाखवतो, कारण मीटरचा करंट नगण्य असतो. चाचणी लोडवर, म्हणजे खरा करंट वाहत असताना, घ्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, म्हणजे क्लॅम्पवर (केबलच्या टोकाच्या पकडीवर) नव्हे, थेट शिशावर धरा. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर उत्तम, ०.५ च्या वर गेला तर अर्थिंग खराब. आता काळी पिन पोस्टवरून क्लॅम्पवर सरकवा आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगा. आकडा एकदम खाली आला, तर दोष त्या पोस्ट-क्लॅम्पच्या सांध्यातच आहे. सँडपेपरने घासा, घट्ट आवळा, परत मोजा. असंच बॉडीच्या अर्थचंही करा.

बाहेरून सेंट्रल लॉक किंवा अलार्म बसवला असेल, तर माझा पहिला संशय तिथेच. स्टिअरिंगखाली इग्निशनची वायर कापून मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकलेला असतो, सांधा पिळून वर टेप गुंडाळलेली. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. कव्हर खोला, स्विच ऑन ठेवून एकेक सांधा हलका हलवा आणि मल्टिमीटरकडे बघा. आकडा उडाला की दोष सापडला. सांधा सोल्डर करून वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. पिवळ्या कपलरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायरिंगही तेव्हाच बघून घ्या.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून 'चांगला' म्हणू नका. स्विच ऑन ठेवून त्याच्या दोन्ही टोकांवर वेगवेगळं, अर्थपासून, व्होल्टेज मोजा. बल्बचा टेस्टलॅम्प ईसीएम किंवा रिंगच्या वायरींना लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि चांगलं सर्किट जाळू शकतो. तिथे डिजिटल मीटरच वापरा.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं उपकरण) लावला की आधी कोड लिहून घ्या, मगच पुसा. पी०५१३ म्हणजे चावी ओळखली गेली नाही, यू०१६७ म्हणजे इमोबिलायझर मॉड्यूलशी संपर्क तुटला. दुसऱ्या कोडमध्ये चावी बदलून उपयोग नाही. मॉड्यूलचा फ्यूज, अर्थ आणि वायरिंग बघायची. स्वस्तातली ब्लूटूथ उपकरणं बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. त्यांना काही दिसलं नाही, म्हणजे दोष नाही असा अर्थ काढू नका.

जुन्या बाजारातून ईसीएम आणून बसवणं तर टाळाच. तो दुसऱ्या गाडीच्या चाव्यांशी जोडलेला असतो, नव्याने जुळवल्याशिवाय गाडी सहसा चालू होत नाही. मोजणी करूनही दोष सापडला नाही, तर मोजलेले व्होल्टेज आणि कोड कागदावर लिहून इलेक्ट्रिशियनच्या हातात द्या. ईसीएम बदलायचा सल्ला आलाच, तर त्याच्या सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर लोडवर किती व्होल्ट मिळाले, हे आधी विचारा.