मृत बाळाच्या आई-वडिलांची शुश्रूषा: परिचारिकांसाठी

बाळाचे ठोके थांबल्याचे सोनोग्राफीत निश्चित झाल्यावर डॉक्टर ते सांगतील, तेव्हा परिचारिकेने तेथे हजर राहावे आणि बाईजवळ तिच्या नवऱ्याला किंवा आईला बसवून घ्यावे. इंदूरच्या मराठी घरांत अशा वेळी रामबागेतून, लोकमान्यनगरातून सासूबाई, आत्या, काका तडक येऊन पोहोचतात आणि ‘तिला काही दाखवू नका’ हे तिला न विचारताच ठरून जाते. त्यांचा हेतू वाईट नसतो, परंतु बाळाला पाहायचे की नाही हे आई-वडिलांनीच ठरवायचे असते, आणि त्यांना ते विचारणे हे परिचारिकेचे काम आहे.

विचारताना आग्रह कोणताच नसावा. “ताई, बाळाला पाहावेसे वाटले तर मी घेऊन येईन, आत्ता नको असेल तर थोड्या वेळाने सांगा,” एवढे पुरे. ओठ काळपट दिसतील, अंग गार आणि सैल लागेल, त्वचा काही ठिकाणी सुटलेली असेल, हे आधीच सांगावे. बाळाला चोळून पुसू नये; ओल्या मऊ कापडाने टिपून, घरून आणलेले झबले-टोपडे घालून, दुपट्यात गुंडाळून मानेखाली हात देत आईकडे द्यावे. आई-वडिलांची संमती असल्यास पावलांचे ठसे जाड कागदावर घ्यावेत. लहान बाळाला पुरण्याची रीत असल्याने नातलगांना घाई असते. त्यांच्याकडून थोडा वेळ मागून घ्यावा. ‘अजून वय आहे, दुसरे होईल’ हे वाक्य मात्र कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नये, स्वतःच्या तर नाहीच.

कागदपत्रांसाठी धावतो तो बहुधा वडील, आणि त्याला कोणी बसा म्हणत नाही. शवविच्छेदन व वारेच्या तपासणीचे संमतिपत्र हिंदीत असेल, तर ते त्याला मराठीत समजावून सांगावे. २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची नोंदणी कायद्याने आवश्यक असून तिची माहिती २१ दिवसांत रुग्णालयाने कळवायची असते.

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गरोदरपणातील बाळाला रक्तगटामुळे होणारा धोका टाळणारे) ७२ तासांच्या आत देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. दोन-चार दिवसांत दूध येईल, हे घरी पाठवण्यापूर्वी अवश्य सांगावे, कारण बहुतेक बायकांना त्याची कल्पना नसते आणि तो धक्का त्यांना एकटीने सोसावा लागतो. छातीला घट्ट पट्टा बांधू नये. नीट आधार देणारी ब्रा, थंड पट्ट्या आणि फार ठणकल्यास आराम पडेल इतकेच दूध काढणे, असा उपाय करावा. दूध थांबवण्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. रक्तदाब वाढलेला असल्यास कॅबर्गोलिन ही दूध थांबवणारी गोळी देत नाहीत.

खाट बाळंतिणींच्या वॉर्डापासून दूर असावी, आणि बाळंतपणाची बधाई (बक्षिसी) मागणाऱ्या वॉर्डातल्या आयाबाईंना आधीच बजावून ठेवावे. घरी जाताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. सहा आठवड्यांची तपासणी गरोदर बायकांच्या गर्दीच्या वेळी ठेवू नये, आणि आशाताईंना कळवून लसीकरणाच्या यादीतून नाव काढून घ्यावे, नाहीतर दीड महिन्याने ‘बाळाला लसीला आणा’ असा निरोप घरी येतो.