नागपुरात नवीन आलात? आधी कूलर बघा, मग बाकीचं

आम्ही सांगलीहून नागपूरला आलो ते २००४ च्या एप्रिलमध्ये. महाराष्ट्र एक्सप्रेसमधून भर दुपारी उतरलो. फलाटावर पाऊल ठेवलं आणि नवरा म्हणाला, "इंजिन जवळच आहे वाटतं, गरम झळ येतेय." इंजिन पार पुढे होतं. ती नागपूरची हवा होती.

माझी बदली तीन वर्षांसाठी होती. तीन वर्षांनी परत जायची संधी आली तेव्हा मुलगी रडली आणि खरं सांगायचं तर मलाही जावंसं वाटेना. आता दर उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचं एखादं नवीन कुटुंब येतं. कुणी मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी क्षेत्रातल्या नोकरीसाठी, कुणी एम्समध्ये, कुणी बँकेच्या बदलीवर. दोन दिवसांत ते आमची बेल वाजवतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

शक्य असेल तर एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सामान हलवू नका. नाइलाज असेल तर ट्रकमधून पहिली वस्तू कूलर उतरवा. आमच्याकडे तो नव्हताच. सांगलीत पंख्यावर भागायचं. त्या पहिल्या संध्याकाळी समोरच्या काकू पाण्याची कळशी घेऊन आल्या, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "कूलर कुठं आहे तुमचा?" नाही म्हटल्यावर त्यांनी काही न बोलता मुलाला हाक मारली. तो आणि खालच्या मजल्यावरचे भाऊ गच्चीवर गेले, लोखंडी पत्र्याचा एक अवजड कूलर खाली आणला, खिडकीबाहेर स्टँड ठोकलं आणि रात्री आठला तो सुरू करून दिला. आम्हाला यांची नावंही माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. काकूंना विचारलं, "कूलरचं भाडं महिन्याला किती द्यायचं?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, आम्ही काय दुकान लावून बसलो का?" पुढचे चार दिवस त्या जरा कमीच बोलल्या. नागपुरात मी केलेली ती पहिली चूक. आमच्याकडे उसनं घेतलेलं लवकर फेडणं हा चांगुलपणा समजतात. इथे लगेच फेडायला गेलात तर समोरच्याला वाटतं, यांना आपल्याशी संबंधच ठेवायचा नाही. मदत घ्या, थोडे दिवस तसेच राहू द्या. फेडायची वेळ आपोआप येते.

आता कूलरचंच पुढे सांगते, कारण तिकडून आलेले सगळे इथे चुकतात. कूलर लावला की ते एसीसारखी सगळी दारं-खिडक्या बंद करतात आणि तासाभरात अंग चिकट होतं, मग म्हणतात कूलर खराब आहे. कूलर ओल्या ताट्यांमधून, म्हणजे बाजूंना बसवलेल्या गवताच्या जाड थरांतून, बाहेरची कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. ती ओलसर हवा बाहेर पडायला वाट हवी, म्हणून समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ताट्या दरवर्षी मार्चमध्ये बदला. वाळ्याच्या घेतल्यात तर थोड्या महाग पडतात, पण पहिल्या दिवशी घरात जो वास सुटतो त्यासाठी तेवढे पैसे जाऊ द्यावेत. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात येतात. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, दोन पिनांची वायर चालवून घेऊ नका. टाकी आठवड्याला रिकामी करून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तुम्हीच पाळलेत म्हणा. पावसाळा लागला की कूलर निरुपयोगी. हवाच ओली, तर वाफ कुठून होणार?

मेअखेरीस नवतपा लागतो. नऊ दिवस. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ऊन कोरडं असल्यामुळे घाम अंगावर दिसतच नाही, तहानही उशिरा लागते आणि इथेच फसगत होते. बाहेर पडताना डोकं-कान दुपट्ट्याने बांधा. बायकाच नाही, पुरुषही बांधतात, लाजू नका. कैरीचं पन्हं फ्रिजमध्ये ठेवा. दुपारी बारा ते चार कुणाच्या घरी जाऊ नका आणि कुणी आलं तर आधी पाणी द्या, नंतर काम विचारा. दुपारी दारात आलेल्या कुरिअरवाल्याला पाणी न विचारणारं घर आमच्याकडे चर्चेचा विषय होतं.

घर शोधताना दोन गोष्टी बघा. इथे अपार्टमेंटला "फ्लॅट स्कीम" म्हणतात. स्कीममध्ये सगळ्यात वरचा मजला स्वस्त मिळतो, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत डोक्यावर भट्टी पेटलेली असते. पश्चिमेकडच्या भिंतीला लागून झोपायची खोली असेल तर तीही सोडा. दुसरी गोष्ट, तळमजला आणि जवळ नाला असेल तर विचार करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी चांगल्या चांगल्या वस्त्यांमध्ये शिरलं. माझी एक सहकारी त्या भागात तळमजल्यावर राहते. पहाटे पाणी पलंगापर्यंत आलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांना उचलून वर नेलं. त्यानंतर दहा-बारा दिवस ते कुटुंब त्यांच्याकडेच जेवलं. आधी दोन्ही घरांत पार्किंगवरून बोलणं बंद होतं, हेही सांगून टाकते.

भाडेकराराची नोंदणी आणि पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती, ही दोन कामं घरमालक टाळत असेल तरी तुम्ही करून घ्या. प्लॉट विकत घ्यायचा असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरणाचं पत्र, ज्याला इथे सगळे "आरएल" म्हणतात, ते आहे का ते आधी विचारा. नसेल तर चहा पिऊन उठा.

पत्ता विचारताना गल्लीचं नाव कुणी सांगणार नाही, चौक सांगतील. व्हेरायटी चौक, शंकरनगर चौक, छत्रपती चौक, लॉ कॉलेज चौक. सीताबर्डीला फक्त "बर्डी". मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, ऑरेंज आणि ॲक्वा, बर्डीलाच एकमेकींना छेदतात, त्यामुळे चुकलात तर बर्डीला या. आणि "मेडिकल" म्हणजे औषधाचं दुकान नव्हे. मी पहिल्या महिन्यात ऑटोवाल्याला म्हटलं, "भाऊ, जवळच्या मेडिकलला घ्या." त्याने थेट शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात नेऊन उतरवलं आणि काळजीने विचारलं, "कोण भरती आहे ताई?" मला क्रोसिन हवी होती. त्याने परत आणून सोडलं, परतीचे पैसे घेतले नाहीत. तसंच "मेयो" म्हणजे दुसरं मोठं सरकारी रुग्णालय, कागदावर त्याचं नाव इंदिरा गांधी असलं तरी.

भाषेची भीती बाळगू नका. अनोळखी माणसाशी इथे बरेच जण हिंदीत सुरुवात करतात. तुम्ही मराठीत उत्तर द्या, पुढचं वाक्य मराठीत येतं. बाजारात मात्र शब्द बदलतात. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याने पिशवीवर हात ठेवून विचारलं, "ताई, सांबार टाकू का?" मी म्हटलं, नको, आज आमटी केली आहे. तो कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा. इथे कोथिंबीर म्हणजे सांबार. हिवाळ्यात तिची सांबारवडी करतात, ती कुणी दिली तर नाही म्हणू नका. शेंगदाणा म्हणजे फल्लीदाणा, बटाटा म्हणजे आलू, बटाटेवडा म्हणजे आलूबोंडा, पिठलं म्हणजे चून. "काय करून राहिल्या?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं नसतं, फक्त "काही नाही, बसून राहिली" म्हणायचं आणि दार उघडं ठेवायचं. "बे" ऐकून दचकू नका, दोस्तांमध्ये ते प्रेमाने येतं. पण तुम्ही तो शब्द वापरायला निदान एक वर्ष थांबा. आमच्या ह्यांनी तिसऱ्या महिन्यात वापरून पाहिला, तोंडात बसला नाही तो नाहीच.

"होऊन जाईल" या शब्दांचा अर्थ प्लंबरच्या तोंडी वेगळा आणि शेजाऱ्याच्या तोंडी वेगळा. प्लंबर म्हणाला तर काम आज होणार नाही. शेजारी म्हणाला तर तुम्ही घरी पोचायच्या आत झालेलं असतं.

सणावारात शेजार खरा कळतो. आपल्या गौरी म्हणजे इथल्या महालक्ष्म्या, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला स्कीममधल्या सगळ्यांना निमंत्रण असतं. पहिल्या वर्षी काकू म्हणाल्या, "प्रसादाला या." मी संध्याकाळी सातला नटूनथटून हळदीकुंकवाला जावं तशी गेले, दोन घास प्रसाद घेऊन यायचं म्हणून. प्रत्यक्षात सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे आणि वाढणारे चौघे. मी घरी जेवून गेले होते. ही चूक तुम्ही करू नका. त्या दिवशी दुपारपासून पोट रिकामं ठेवा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल ओढत दारोदार येतात, त्यांना बोजारा द्यायचा असतो, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. सुटे पैसे आदल्या दिवशीच काढून ठेवा. बैलाची शिंगं, झूल, चाकं नीट पाहून कौतुक करा, नुसती दहाची नोट ठेवून दार लावू नका. ज्या घरात मुलांच्या बैलाचं कौतुक होतं त्या घरातली माणसं आठवड्यात सगळ्या स्कीमला माहीत होतात. त्याच दिवशी महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि बडगे, म्हणजे तसेच पुरुषांचे पुतळे, निघतात. गर्दी प्रचंड असते, पण एकदा तरी कुणा नागपूरकराबरोबर जाऊन "घेऊन जा गे मारबत" ओरडून या. आमच्या मुलीने पहिल्या वर्षी गणिताच्या बाईंना घेऊन जायला सांगितलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो माणसं येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या विजयादशमीला, बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसांत त्या बाजूचे रस्ते गाडीसाठी विसरा. पण पायी जरूर जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक पाणी, चहा, जेवण घेऊन उभे असतात, आणि नागपुरात नवीन असलेला माणूस वाढायला उभा राहिला तर कुणी विचारत नाही, तुम्ही कुठले. आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी मला पहिल्यांदा नेलं, हातात पाण्याचा जग दिला आणि चार तास परत बघितलंच नाही.

सगळं गोड आहे असं नाही. पगार किती, मुलगी अजून एकटीच का, हे प्रश्न जिन्यातच विचारतात. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खाऊन जिन्याच्या कोपऱ्यात थुंकणारे आमच्याही स्कीममध्ये होते, देवांच्या फरशा लावून पाहिल्या, उपयोग थोडाच झाला. कुणाच्या घरचं लग्न असलं की गाणी रात्रभर. आणि डिसेंबरात विधानसभेचं हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे आणि बंद रस्ते, तेव्हा रेल्वेस्टेशनला एक तास आधी निघा. त्याच महिन्यात थंडीही पडते, रात्री दहा अंशांच्या खाली. "नागपुरात कसली थंडी" म्हणून आम्ही दुलया सांगलीला ठेवून आलो होतो. त्याही काकूंनीच दिल्या. तेव्हा मी भाडं विचारलं नाही.

फेडायची वेळ आपोआप येते म्हटलं, ती अशी आली. दिवाळीनंतर काकूंच्या काटोलच्या भावाने संत्र्यांचं अर्धं पोतं पाठवलं आणि त्यातला निम्मा वाटा आमच्या दारात. आंबिया बहाराची संत्री, सालीला हात लावला की घरभर वास. पुढच्या सुट्टीत सांगलीहून येताना मी पाच किलो बेदाणे आणि हळद आणली आणि निम्मी काकूंकडे दिली. काकूंनी पिशवी उघडून वास घेतला, म्हणाल्या, "आत बस, चहा टाकते." त्या दिवसानंतर आमची बेल वाजवायचं त्यांनी सोडून दिलं, सरळ आत यायला लागल्या.

काकू आता नाहीत. कूलर आहे, आमच्या गच्चीवर झाकून ठेवलाय. मोटर चांगली चालते, ताट्या नव्या लागतील आणि उचलायला दोन माणसं. एप्रिलमध्ये येणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ अजून धडधाकट आहेत.